द्वीपरसाची बाटली

स्वादुपिंड, कंठग्रंथी, अंतःस्राव हे शब्द मी आणि माझी धाकटी बहीण वेणू, आम्ही परवच्याबरोबर पाठ केले. दिवेलागणीला इतर घरांतून पावकी-निमकी ऐकू यायची, आमच्याकडे त्यात ग्रंथींची भर असायची. अण्णा, म्हणजे आमचे वडील, साताऱ्याला शाळेत संस्कृत शिकवत. शरीरातल्या ग्रंथी आणि त्यांचे रोग चार माणसांना समजावेत म्हणून सांगलीचे आठल्ये डॉक्टर मराठीत एक पुस्तक लिहीत होते, आणि त्यातल्या इंग्रजी शब्दांना मराठी शब्द घडवून देण्याचं काम त्यांनी अण्णांच्या गळ्यात घातलं होतं. अण्णांनी ते हार घातल्यासारखं मिरवलं. जेवताना, दाढी करताना, आंघोळीच्या दगडावर बसल्या बसल्या ते शब्द मोठ्यानं म्हणून बघायचे. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली जी ग्रंथी असते तिला ‘वृक्कोपरी’ म्हणावं की ‘अधिवृक्क’, यात त्यांचा अख्खा श्रावण गेला. ‘गलगंड’ या शब्दावर मात्र ते फार खूश होते. म्हणायचे, हा एकच शब्द असा, की जो ग्रंथातही आहे आणि बाजारातल्या बाईच्या तोंडीही आहे. आई हातात पळी घेऊन उभी असायची. “आमटी वाढू, का आधी ग्रंथी संपवताय?” असं ती म्हणाली की वेणू फिदीफिदी हसायची, आणि तिच्या पुढच्या दातांतली फट दिसायची.

त्याच हिवाळ्यात वेणू पाणी पीत सुटली. शाळेतून आली की दप्तर न काढता ती माठापाशी जायची, तांब्या तोंडाला लावायची आणि दम लागेपर्यंत प्यायची. भाकरी मोठ्या माणसासारखी खायची आणि तरी हाताची हाडं वर येत चाललेली. आम्हाला वाटलं, वाढीला लागली असेल. खरी गोष्ट हौसाबाईच्या लक्षात आली. हौसाबाई आईच्या माहेरची, माण तालुक्यातली. तिचा नवरा मुंबईला गिरणीत होता आणि वर्षातून एकदा उगवायचा, म्हणून ती आमच्याच परसातल्या खोलीत राहून धुणीभांडी करायची. एका सकाळी मोरीशी उभी राहून तिनं आईला हाक मारली. “वैनी, हितं या जरा. पोरगी बसती त्या जाग्याला मुंग्या लागल्यात. माज्या चुलत्याला अशाच लागल्या हुत्या.” चुलत्याचं पुढं काय झालं ते आईनं विचारलं नाही आणि हौसाबाईनंही सांगितलं नाही.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी मधुमेह सांगितला. अण्णा घरी येऊन पायरीवरच बसले. मधुमेह हा शब्द त्यांच्या चिठ्ठ्यांमध्ये आधीच लिहिलेला होता, त्याची व्युत्पत्ती होती, लक्षणं होती. तो पोट सुटलेल्या सावकारांना होतो असं आम्ही ऐकून होतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलीला झाला तर तो निराळाच असतो आणि सुईतून रोज औषध टोचलं नाही तर मूल राहत नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं. औषध इन्शुलिन. बारीकशी काचेची बाटली, रबरी बूच, आत पाण्यासारखं स्वच्छ औषध. अण्णांनी लिंबावर सुई टोचून टोचून हात बसवला. पहिल्या दिवशी वेणूच्या मांडीशी नेलेली सुई त्यांनी दोनदा मागे घेतली, तेव्हा वेणूच म्हणाली, “अण्णा, मी डोळे मिटते, तुम्हीपण मिटा.”

या औषधालाही अण्णांना मराठी शब्द हवा होताच. स्वादुपिंडात पेशींची लहान लहान बेटं असतात, त्यांतून हा रस पाझरतो, इंग्रजी नावही बेटावरूनच पडलं आहे, म्हणून त्यांनी शब्द घडवला, द्वीपरस. आठल्ये डॉक्टर पुढं भेटल्यावर म्हणाले होते, “शास्त्रीबुवा, शब्द सुरेख आहे, पण दुकानात द्वीपरस मागाल तर हात हलवत परत याल.” वेणूला मात्र तो भारी आवडला. पोटात बेटं आहेत म्हटल्यावर तिला आपल्या आजाराचा जरा मानच वाटायला लागला. “माझी बेटं बुडाली,” असं ती मैत्रिणींना सांगायची.

त्या शब्दाचा आणखी एक उपयोग होता, तो अण्णांनी कुणाला बोलून दाखवला नाही. हे औषध कापलेल्या जनावरांच्या स्वादुपिंडातून काढतात. अण्णांच्या टिपणात ते मी वाचलं होतं, आणि मी वाचलं हे पाहून अण्णांनी नुसतं आईच्या दिशेनं पाहिलं होतं. आमची आई सोवळ्यात स्वयंपाक करणारी. कांद्यालाही चातुर्मासात घराबाहेर ठेवणारी. तिनं एकदा विचारलंच, “द्वीपरस म्हणजे हो कसला रस?” अण्णा म्हणाले, “रसच. शक्तीचा.” एवढ्या शुद्ध संस्कृत नावाचं औषध कुठल्या तरी वनस्पतीचंच असणार, असं आईनं धरलं आणि पुढं विचारलं नाही.

साताऱ्यात सगळं सुरळीत चाललं. बाटली अण्णांच्या बाहेरच्या खोलीतल्या फडताळात, पुस्तकांच्या मागे, गार अंधारात असायची. माझ्याकडे काचेची नळी होती. सकाळी निळं औषध नळीत घ्यायचं, त्यात वेणूच्या लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर उत्तम, हिरवं झालं तर चालेल, पिवळं झालं तर काळजी आणि विटेसारखं तांबडं झालं तर साखर फार. पिचकारी आणि सुई आई वेगळ्या पातेलीत खळखळ उकळून द्यायची. स्टोची घरघर, पातेलीत काच वाजल्याचा किणकिण आवाज आणि स्पिरिटचा वास, त्या हिवाळ्यातल्या सकाळी माझ्या अशा लक्षात राहिल्या आहेत. कंदी पेढ्यांचा पुडा घरात येणं बंद झालं. भाकरीच्या चतकोराचासुद्धा हिशेब व्हायचा, मेथी, कारली, ताक असंच ताट. पण वेणूच्या गालांवर पुन्हा मांस दिसायला लागलं. नळी हिरवी राहायची, कधी तर निळीच. संक्रांतीला तिनं हलव्याचे दागिने घातले आणि त्यातला एक दाणाही तोंडात टाकला नाही, हे मी शपथेवर सांगेन.

आज माझ्या स्वतःच्या फ्रीजच्या दारात तेच औषध असतं. म्हातारपणी मलाही त्या आजारानं गाठलंय. दुधाची पिशवी खाली आणि पेनसारखी ती सुई वरच्या कप्प्यात. नातू म्हणतो, आजी तू फ्रीज उघडून काय बघत उभी राहतेस? त्याला काय सांगायचं.

चैत्रात आम्ही हौसाबाईसकट सांगलीला आलो. वेणूसाठीच आलो. मिरजेचे दवाखाने हाकेच्या अंतरावर, आठल्ये डॉक्टर गावात, आणि त्यांच्याच खटपटीनं अण्णांना शाळेत नोकरी मिळालेली. घर पेठेजवळ होतं. खिडकीखालून गुळाच्या ढेपांनी भरलेल्या गाड्या जायच्या, हळदीचा वास धुतलेल्या कपड्यांनाही लागायचा. साताऱ्याच्या मानानं उन्हाळा कडक. बाहेरची खोली पश्चिमेची, पुढं पत्र्याचं छप्पर, दुपारी पुस्तकांच्या पुठ्ठ्यांना हात लावला तर गरम लागायचे. आठल्ये डॉक्टर येऊन म्हणाले, हे औषध उष्णतेत टिकत नाही, जपा. मग अण्णांनी बाटली आईच्या हातात दिली. घरातली सगळ्यात गार जागा म्हणजे स्वयंपाकघरातलं दुभत्याचं कपाट. “उन्हाळ्यात हे नासतं,” अण्णा म्हणाले. “सांभाळ.”

आई हसली होती. मला ते हसू आठवतं. ती दहिवडीकडची, दुष्काळाच्या मुलखातली. शेरडाचं वाटीभर दूध वैशाखात दोन दिवस टिकवायचं हे तिला लहानपणीच शिकावं लागलं होतं आणि तिला त्याचा अभिमान होता. वापरापुरतं दूध काढून घेतलं की राहिलेलं तापवायचं, संध्याकाळी पुन्हा तापवायचं, निववायचं, ओल्या फडक्यावर ठेवायचं, चव बदलू द्यायची नाही. “माझ्या हातून आजवर काही नासलंय का?” ती म्हणाली आणि पदरात धरून बाटली आत घेऊन गेली.

आई सोवळ्यात असताना स्वयंपाकघरात आम्ही कुणी पाऊल टाकत नसू. ती बाटली दारात आणून ठेवायची, अण्णा औषध पिचकारीत ओढून घ्यायचे आणि बाटली परत उंबऱ्यावर ठेवायचे. पुढं आत काय व्हायचं ते आईलाच ठाऊक. ते औषध कुठून येतं हे तिला सांगितलं असतं, तर ते कपाटात काय, त्या खोलीतही आलं नसतं. बाहेर पडवीत, माठाशेजारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत राहिलं असतं. हे मी आयुष्यभर मनात घोळवलं आहे. त्या सुंदर शब्दाचा मला राग येतो, अजून येतो.

वैशाख लागला तशी नळी पिवळी व्हायला लागली. मग केशरी. मग एका सकाळी विटेसारखी तांबडी. अण्णांनी डॉक्टरांना विचारून औषध वाढवलं. नळी तांबडीच. आणखी वाढवलं. वेणू पुन्हा माठापाशी जायला लागली, पुन्हा तिचे खांदे टोकदार दिसायला लागले. औषध रोज जातंय, ताट तेच आहे, तर मग साखर येते कुठून? आठल्ये डॉक्टरांनी अण्णांना बाजूला घेऊन सांगितलं, मुलं चोरून खातात, नेहमीचंच आहे, लक्ष ठेवा. आणि आमच्या खिडकीखालून तर गुळाच्या गाड्या जात होत्या.

आईनं गुळाचा डबा कुलपात घातला. मला वेणूबरोबर शाळेच्या दारापर्यंत जायला सांगितलं. हौसाबाई तेवढी बाजू घ्यायची. “आवं, पोर न्हाई खात. मी बगती न्हवं. मुंगीला द्याया बी तिच्या हाताला गूळ लागत न्हाई.” पण नळी खोटं बोलत नाही असं अण्णा म्हणायचे, आणि नळी माझ्या हातात असायची. मी ती उजेडात धरायची, खिडकीशी नेऊन पुन्हा बघायची, रंग तांबडाच. मी वेणूला एकटीला विचारलं. ती म्हणाली, “ताई, गणपतीची शपथ.” मी तिच्यावर विश्वास ठेवला, पण त्या रंगाला काय म्हणायचं ते मला कळेना.

एका सकाळी अण्णांनी नळी पाहिली आणि वेणूला समोर उभं केलं. “खरं सांग. काय खाल्लंस?” “काही नाही, अण्णा.” “परत विचारतो.” “काहीच नाही.” अण्णांनी तिला थोबाडीत मारली. आमच्या घरात मुलांना हात लावायची पद्धत नव्हती. वर्गातही अण्णा छडी वापरत नसत. वेणू रडली नाही. तिनं फक्त माठाकडे पाहिलं आणि विचारलं, “पाणी पिऊ का?”

पुढच्या दिवसांत ती निजूनच असायची. तिच्या तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास यायचा. मग एका सकाळी ती हाकेला ओ देईना. छाती भात्यासारखी खालीवर व्हायची, श्वास लांब आणि खोल, जणू कुठून तरी धावत आलेली. आई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मी पळत जाऊन डॉक्टरांना आणलं. त्यांनी वेणूला पाहिलं, वाकून तिचा श्वास हुंगला आणि म्हणाले, “औषध दाखवा. बाटली आणा आधी.”

आई उठू शकत नव्हती. अण्णा पायातल्या चपलांसकट स्वयंपाकघरात शिरले. असं ते कधीच शिरले नव्हते. मी त्यांच्या मागे मागच्या दारापर्यंत गेले, डॉक्टरही आले. अण्णांनी कपाटातून बाटली काढली आणि ती डॉक्टरांच्या हातात देता देता थांबले. बाटली ऊन होती. डॉक्टरांनी ती घेतली, मुठीत धरली, उजेडाकडे केली. आतलं औषध गढूळ झालं होतं आणि त्यात पांढरे बारीक धागे तरंगत होते. अण्णांना ते धागे आधीही दिसले होते. रबरी बुचाचे कण असतील असं त्यांना वाटलं होतं.

मागच्या दारात हौसाबाई भांडी घासत होती. तिनं मान वर केली. “आत्ताच ऊन करून ठिवलीया वैनीनं. कडत पाण्यात उभी करत्यात, सकाळच्याला आन् सांजच्याला. ही काय पातेली, मीच घासती. न्हाईतर नासंल न्हवं ह्या उनात?” तिनं आमची तोंडं पाहिली आणि हातातली राख खाली ठेवली. “काय चुकलं का वं अण्णा?”

डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले, “किती आठवडे?” आत आई वेणूला थोपटत होती आणि काहीतरी गुणगुणत होती, ते ऐकू येत होतं. अण्णा हौसाबाईसमोर उकिडवे बसले. “हे घरात बोलायचं नाही,” ते म्हणाले. “कधीच नाही. हिला कळता कामा नये.” हौसाबाईला नीट समजलं नव्हतं, पण त्यांचा चेहरा पाहून तिनं पदर तोंडाला लावला. “न्हाई बोलत. माज्या लेकराची आण.” मग अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती मान मी आजवर हलवत आले आहे.

टांग्यानं वेणूला मिरजेला नेलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी नवं औषध टोचलं, शिरेतून मीठपाणी दिलं. दवाखान्यासमोर तंतुवाद्यं करणाऱ्यांचं दुकान होतं, छपराला वाळलेले भोपळे टांगलेले, आणि कुणीतरी दिवसभर एकच तार लावत बसायचं. पुन्हा पुन्हा तोच सूर. दुसऱ्या दिवशी दुपारी वेणूनं डोळे उघडले. आई नळावर पाणी आणायला गेली होती. अण्णा खाटेशी होते, मी पायाशी. तिनं अण्णांना ओळखलं आणि म्हणाली, “अण्णा, मी गूळ नव्हता खाल्ला.”

“मला माहीत आहे, बाळ,” अण्णा म्हणाले. “तू नाही खाल्लास.”

वेणूनं थोडा विचार केला. ती हुशार होती, पाढे कधी चुकायची नाही. “मग कुणी?” तिनं विचारलं.

अण्णांनी तिची चादर सारखी केली. तेवढ्यात आई पाणी घेऊन आली, आणि वेणूनं तिच्या हातून दोन घोट घेतले. संध्याकाळी तिला ताप चढला. छातीत कफ दाटला होता. उजाडायच्या आत ती गेली.

आईला सांगितलं, औषधच दुकानातून नासकं आलं होतं, उन्हाळा फार, आगगाडीच्या डब्यात तापलं असणार. तिनं ते मान्य केलं. पण तिच्या मनातून एक गोष्ट जाईना: आपल्या ताब्यात आलेली वस्तू नासली. तिनं त्या कपाटात पुन्हा दूध ठेवलं नाही.

आठल्ये डॉक्टरांचं पुस्तक पुढं छापून आलं. स्वादुपिंडाच्या प्रकरणात सगळी भाषा अण्णांची, जड, अनुस्वारांनी भरलेली. मधेच एक ओळ निराळी आहे: हे औषध दुधासारखं तापवू नये, तापवलं की ते मरतं. आणि त्या प्रकरणात द्वीपरस हा शब्द कुठंही नाही. सगळीकडे साधं इन्शुलिन लिहिलंय, आणि ते जनावरांच्या स्वादुपिंडापासून करतात हेही स्वच्छ लिहिलंय. आईला वाचता येत होतं, पोथी ती रोज वाचायची. म्हणून ज्या पुस्तकासाठी अण्णांनी इतकी वर्षं घातली ते पुस्तक त्यांनी आमच्या घरात कधी आणलं नाही. विचारलं तर म्हणायचे, छपाईत फार चुका राहिल्या. त्यानंतर त्यांनी नवा शब्द घडवला नाही.

अण्णा गेले, हौसाबाई माणात परत जाऊन तिथंच गेली. दोघांनीही तोंड उघडलं नाही. आई मात्र खूप जगली. माझ्या मुलाचं लग्न झालं तेव्हा ती माझ्याकडेच होती. सून दवाखान्यात काम करणारी, शिकलेली. एका उन्हाळ्यात आई तिला दूध कसं सांभाळायचं ते शिकवत बसली होती, पातेलं, ओलं फडकं, जाळीचं झाकण. मग तिचा आवाज बारीक झाला. “सगळं टिकवलं गं मी आयुष्यात. ते एक औषध तेवढं नाही टिकलं. दोन्ही वेळा ऊन करून ठेवत होते. एक दिवस चुकवला नाही हो.”

सुनेनं चमकून मान वर केली. तिच्या तोंडात शब्द आलेला मला दिसला. मी तिच्या मनगटावर हात ठेवला आणि घट्ट दाबला.

“उन्हाळा फार होता त्या साली, आई,” मी म्हणाले.

“फारच होता,” आई म्हणाली, आणि तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं.